उभ्या वाहनाची कायदेशीर अवस्था

मोटार वाहनावरील वार्षिक कर वाहन किती किलोमीटर चालले यावर ठरत नाही. ते वापरले जाते किंवा वापरासाठी ठेवलेले असते, एवढ्या गृहीतकावर तो आकारला जातो आणि महाराष्ट्रात हे गृहीतक १९५८ च्या मोटार वाहन कर अधिनियमातच लिहून ठेवलेले आहे. कर प्राधिकाऱ्याने, म्हणजे व्यवहारात परिवहन कार्यालयातील अधिकाऱ्याने, अमुक काळात हे वाहन वापरात नव्हते असे विहित पद्धतीने प्रमाणित केल्याखेरीज ते वापरात होते किंवा वापरासाठी ठेवले होते असेच कायदा धरून चालतो. याचा अर्थ असा, की गाडी चालवल्याचा पुरावा सरकारला द्यावा लागत नाही, परंतु न चालवल्याचा पुरावा मालकाला द्यावा लागतो. आणि काहीही न करणे ही जगातील सर्वांत सोपी गोष्ट असली, तरी ती आपण केली हे सिद्ध करणे किती अवघड असते, हे सरकारी नोकरीत असलेल्या कोणालाही वेगळे समजावून सांगण्याची गरज नाही.

हे प्रमाणपत्र मिळवण्याच्या प्रक्रियेला परिवहन कार्यालयाबाहेरच्या टपऱ्यांमध्ये ‘नॉन-यूज’ एवढ्याच नावाने ओळखले जाते. वाहन काही काळ रस्त्यावर येणार नसेल, तर मालकाने तसे आगाऊ कळवायचे असते; ते का उभे राहणार, किती काळ उभे राहणार आणि नेमके कोठे उभे राहणार, हे लिहून द्यायचे असते; आणि एकदा ठिकाण लिहून दिले, की परवानगीवाचून ते तेथून हलवायचे नसते. या तरतुदीतील ‘आगाऊ’ हा भाग विशेष मननीय आहे, कारण गाडी बंद पडणार असल्याचे गाडी सहसा आगाऊ कळवत नाही. पुढे मोटार वाहन निरीक्षक, ज्याची उभी कारकीर्द ब्रेक लागतात की नाही आणि दिवे पेटतात की नाही हे पाहण्यात गेलेली असते, तो एखाद्या ट्रकपाशी येऊन काहीही घडत नसल्याची खातरजमा करू शकतो. चाकांखाली उगवलेले गवत हा अशा प्रसंगी सर्वांत विश्वासार्ह साक्षीदार मानायला हरकत नाही, कारण खाडाखोड करता न येणारा हा एकमेव दस्तऐवज असतो.

ट्रक, प्रवासी बस, शाळेची बस अशा ज्या वाहनांना ठरावीक मुदतीने पुन्हापुन्हा कर भरावा लागतो, त्यांच्या मालकांना या खटाटोपात अर्थ असतो. करोनाकाळातील टाळेबंदीत शाळांच्या बसगाड्या महिनोन्‌महिने रांगेत उभ्या होत्या, तेव्हा न चालणाऱ्या गाडीचा कर हा प्रश्न अचानक पुष्कळांना समजू लागला. खासगी स्कूटर आणि मोटारीचे मात्र तसे नाही. त्यांचा कर नोंदणीच्या वेळीच एकरकमी, म्हणजे सगळ्या आयुष्याचा एकदम, भरून घेतला जातो. त्यामुळे पुढे ती गाडी रोज पुण्याला जाऊन आली किंवा जिन्याखाली बसून राहिली, तरी सरकारच्या उत्पन्नात वर्षाकाठी एका पैचाही फरक पडत नाही आणि आपली गाडी वापरात नाही हे कोणाला कळवण्यात मालकाचाही काही फायदा उरत नाही. अर्थशास्त्राच्या दृष्टीने ही सोयीची व्यवस्था आहे. समाजशास्त्राच्या दृष्टीने तिचा परिणाम असा झाला, की ‘वापरात’ आणि ‘वापरात नाही’ या दोन कायदेशीर अवस्थांच्या मधोमध एक तिसरी, कोठेही न नोंदलेली अवस्था निर्माण झाली, आणि तिचा जेवढा सखोल विकास डोंबिवलीत झाला आहे तेवढा अन्यत्र क्वचितच झाला असेल.

या अवस्थेकडे वळण्यापूर्वी इतर देशांनी काय केले ते थोडक्यात पाहणे उपयुक्त ठरेल. ब्रिटनमध्ये १९९८ पासून नियम असा आहे, की वाहनाचा कर तरी भरा, नाहीतर ते रस्त्यावर नसल्याचे रीतसर जाहीर तरी करा. दोन्हींपैकी काहीच न केल्यास दंड होतो आणि जाहीर केल्यानंतर ते वाहन सार्वजनिक रस्त्यावर नुसते उभे करण्यासही मनाई असते. अपवाद मुख्यतः एकच, की आधी वेळ ठरवून घेतलेल्या तांत्रिक तपासणीला ते चालवत नेता येते. २०१३ पर्यंत ही घोषणा दरवर्षी नव्याने करावी लागे. पुढे ती एकदाच केली की पुरे, असे ठरले. जर्मनीने १९९७ मध्ये याहून सुटसुटीत उपाय काढला आणि हंगामी क्रमांकपट्टी सुरू केली. पट्टीच्या उजव्या कडेला एकाखाली एक असे दोन महिन्यांचे आकडे छापलेले असतात आणि त्या दोन महिन्यांच्या दरम्यानच ती गाडी रस्त्यावर येऊ शकते. ही पद्धत डोंबिवलीत आणायची झाल्यास असंख्य गाड्यांवर दोन्ही आकडे एकाच महिन्याचे, म्हणजे ज्या महिन्यात दसरा येतो त्याचे, छापावे लागतील. परंतु जर्मन नियमानुसार हंगाम किमान दोन महिन्यांचा असावा लागतो आणि तितका वापर मान्य करणे बहुतेक मालकांना जड जाईल.

डोंबिवलीत गाडी उभी का राहते, याचे उत्तर रेल्वेच्या वेळापत्रकात सापडते. मुंबईकडून येणारा लोहमार्ग १ मे १८५४ रोजी ठाण्यापुढे कल्याणपर्यंत पोहोचला आणि त्यानंतर या गावाचे दैव रुळांशी बांधले गेले ते कायमचे. येथील नोकरदार माणूस सकाळी ठरलेल्या लोकलला ठरलेल्या डब्यात ठरलेल्या दांडीला लटकतो. त्याच्या आयुष्यातील साधारण चाळीस किलोमीटरचा प्रवास रेल्वे करवते आणि उरलेला दीड किलोमीटर, म्हणजे घर ते स्थानक, एवढाच त्याच्या स्वतःच्या अखत्यारीत असतो. स्कूटर घेतली जाते ती या दीड किलोमीटरसाठी. ती घेतल्यानंतर काही आठवड्यांतच असे लक्षात येते, की स्थानकाजवळ ती उभी करायला जागा शोधण्यात जो वेळ जातो, त्या वेळात माणूस चालत स्थानकावर पोहोचून गाडी पकडून दिवा स्थानकापर्यंत गेलेला असतो. शेअर रिक्षा हा पर्याय आहेच. मोटारीची कथा याहून करुण आहे. शहर रेल्वेने पूर्व आणि पश्चिम असे दुभागलेले असल्याने पायी माणूस स्थानकावरील पुलावरून काही मिनिटांत पलीकडे जातो, तर मोटारवाल्याला कोपरचा किंवा ठाकुर्लीचा उड्डाणपूल गाठावा लागतो. त्यांपैकी कोपरचा पूल दुरुस्तीसाठी २०१९ च्या सप्टेंबरपासून २०२१ च्या सप्टेंबरपर्यंत बंदच होता आणि त्या दोन वर्षांत पूर्वेकडच्या कित्येक मोटारींनी पश्चिम डोंबिवली पाहिलीच नसणार. शहराबाहेर पडावे म्हटले, तर कल्याण-शीळ रस्त्यावरील कोंडीत गाडी चालवणे आणि गाडी उभी करणे यांतील सैद्धांतिक फरक जवळजवळ नाहीसा होतो.

अशा रीतीने गाडी उभी राहते. परंतु मालकाच्या लेखी ती कधीच ‘बंद’ नसते. ‘गाडी विकायची आहे का हो काका?’ असे इमारतीतल्या एखाद्या तरुणाने विचारलेच, तर ‘छे, वापरात आहे ती’ हे उत्तर तत्काळ मिळते, आणि त्यात असत्य बोलण्याचा हेतू मुळीच नसतो. तिचे थोडेसे काम निघालेले असते, एवढेच. हे थोडेसे काम म्हणजे बॅटरी, दोन्ही टायर, कार्ब्युरेटर, क्लचची तार आणि सीटचे कव्हर असे असू शकते, आणि ते गेली सात वर्षे ‘या रविवारी’ होणार असते. जी गाडी प्रत्यक्षात चालू आहे तिच्या मालकाला ती चालू असल्याचे सांगावे लागत नाही, हे निरीक्षण येथे नोंदवून ठेवण्याजोगे आहे.

जुन्या बजाज स्कूटरच्या बाबतीत हा विश्वास विशेष दृढ असतो. १९७२ मध्ये बाजारात आलेली चेतक मिळण्यासाठी लोकांनी वर्षानुवर्षे प्रतीक्षायादीत नाव लावून ठेवले होते, आणि जी वस्तू मिळण्यासाठी इतका काळ थांबलो ती आता आपल्यासाठी थोडा काळ थांबली तर बिघडले कोठे, असा हिशोब त्या पिढीच्या मनात असावा. तिला एका बाजूला कलती करून मग किक मारण्याचे जे कसब होते, ते कुटुंबात एकाच व्यक्तीला साधलेले असे आणि ती व्यक्ती आता गुडघ्यांच्या व्यायामासाठी सकाळी नाना-नानी पार्कात जाते. मुलाची मोटारसायकल हा दुसरा मोठा वर्ग होय. मुलगा अमेरिकेत, बहुधा न्यू जर्सीत, असतो. गाडी डोंबिवलीत त्याची वाट पाहते, आणि तो दोन वर्षांनी तीन आठवड्यांसाठी आला, की मोबाइलवरून टॅक्सी मागवून फिरतो. गाडी विकावी असे वडील सुचवत नाहीत, कारण त्याचा अर्थ मुलगा परत येणार नाही असा होतो. मुलगाही सुचवत नाही, कारण त्याचाही अर्थ तोच होतो.

उभी गाडी निरुपयोगी असते, हा मात्र वरवरचा निष्कर्ष ठरेल. गृहनिर्माण संस्थेच्या आवारात, म्हणजे सर्वांच्या बोलण्यातल्या ‘सोसायटीत’, वाहनतळाची जागा फ्लॅटच्या संख्येहून नेहमीच कमी असते आणि ती जागा प्रत्यक्षात ताब्यात असणे हा कोणत्याही ठरावापेक्षा बळकट पुरावा मानला जातो. ज्या दिवशी गाडी हलते, त्या दिवशी तिच्या जागी दुसऱ्या मजल्यावरची नवी मोटार येऊन उभी राहते आणि वार्षिक सर्वसाधारण सभेत हा विषय पुढील चार वर्षे ‘अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळचे विषय’ या सदराखाली येत राहतो. म्हणून चाकांतली हवा गेलेली, काचांवर धुळीचा थर साचलेला, टपावर मांजर निजलेली मारुती ८०० ही खरे पाहता अहोरात्र कामावर असते. तिचे काम जागा धरून ठेवण्याचे आहे आणि ते ती कोणत्याही धावत्या मोटारीपेक्षा चोख बजावते, कारण धावती मोटार हे काम करूच शकत नाही. याशिवाय तिच्या कव्हरवर गोधड्या वाळतात, बॉनेटवर पापड वाळतात, आणि मागच्या काचेशी ठेवलेल्या गणपतीला कोणी ना कोणी येता-जाता नमस्कार करतो. कर कायद्यातील ‘वापरासाठी ठेवलेले’ हे वर्णन लिहिताना विधिमंडळाच्या डोळ्यांसमोर हा वापर होता काय, हे सांगता येत नाही.

न्यायालयांनी या प्रश्नाचा विचार मुळीच केलेला नाही असे नाही. राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीत राज्यांना जो वाहनकराचा अधिकार दिला आहे, तो ‘रस्त्यावर वापरण्यास योग्य’ अशा वाहनांपुरता आहे, आणि त्यामुळे जे वाहन रस्त्यावर येतच नाही त्याचे काय करायचे, हा वाद वारंवार सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. १९७४ मध्ये बोलानी ओअर्स या खाण कंपनीच्या ओडिशातील खटल्यात खाणीच्या आवारातच राबणाऱ्या डंपरांचा प्रश्न होता. २०२५ च्या ऑगस्टमध्ये विशाखापट्टणमच्या पोलाद कारखान्याच्या बंदिस्त आवारात चालणाऱ्या वाहनांच्या प्रकरणात, जेथे जनतेला प्रवेशाचा हक्क नाही तेथेच राबणाऱ्या वाहनांवर आंध्र प्रदेशातील कायद्याखाली कर लागत नाही, असा निर्णय झाला. सार्वजनिक ठिकाण म्हणजे जेथे जनतेला जाण्याचा हक्क आहे असे ठिकाण, ही मोटार वाहन अधिनियमातील व्याख्या या संदर्भात महत्त्वाची ठरते. डोंबिवलीतील कोणत्याही सोसायटीच्या फाटकावर ‘पाहुण्यांनी आपली वाहने बाहेर लावावीत’ ही पाटी असते, रखवालदार वहीत नाव, वेळ आणि कोणाकडे जायचे ते लिहून घेतल्याशिवाय सोडत नाही, आणि कुरिअरवाल्याला तर आपण एखाद्या संरक्षण आस्थापनात शिरत असल्याचा भास होतो. त्या अर्थी पोलाद कारखान्यापेक्षा येथील बंदोबस्त काही कमी नाही. तथापि महाराष्ट्राच्या अधिनियमात ‘सार्वजनिक ठिकाणी’ असे न म्हणता ‘राज्यात’ वापरलेले किंवा वापरासाठी ठेवलेले वाहन असे म्हटले आहे, आणि सोसायटी व्यवस्थापन समितीला कितीही स्वायत्त वाटत असली, तरी ती महाराष्ट्रातच मोडते.

सोसायटीबाहेर, रस्त्याच्या कडेला उभ्या असलेल्या गाड्यांना वेगळे कलम लागू होते. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम १२७ नुसार सार्वजनिक ठिकाणी दहा तास किंवा त्याहून अधिक काळ सोडून दिलेले अथवा बेवारशी उभे असलेले वाहन पोलीस अधिकारी उचलून नेण्याचा आदेश देऊ शकतो. दहा तासांची ही मर्यादा ज्यांनी ठरवली त्यांनी मध्य रेल्वेने प्रवास केला नसावा. स्थानकाबाहेर रस्त्यालगत साडेसातला स्कूटर लावून फोर्टातल्या कार्यालयात गेलेला माणूस घाटकोपरला गाडी रखडली नाही, तरच रात्री आठच्या आत परततो, म्हणजे अगदी नियमित, कष्टाळू आणि कर भरणाऱ्या नागरिकाची स्कूटर दररोज सायंकाळी साडेपाच वाजता कायद्याच्या दृष्टीने सोडून दिलेली ठरू शकते आणि तो परत येताच ती पुन्हा वारसदार होते. खऱ्याखुऱ्या बेवारस गाड्या उचलण्याची मोहीम महापालिका आणि वाहतूक पोलीस अधूनमधून काढतात, काचेवर नोटीस चिकटवली जाते, आणि जी गाडी आपली आहे हे गल्लीत कोणालाच ठाऊक नव्हते तिचा मालक तासाभरात प्रकट होतो. तो गाडी सुरू करीत नाही, ती शक्यता नसतेच. चार पोरांना बोलावून ती ढकलत पुढच्या गल्लीत नेतो, आणि नोटिशीत जी जागा नमूद आहे तेथे आता कोणतेही वाहन नसल्याने कारवाई पूर्ण झाली असे दोन्ही बाजूंना मानता येते.

वर्षातून एक दिवस मात्र सर्व उभी वाहने समान पातळीवर येतात. खंडेनवमीला शस्त्रे, अवजारे आणि यंत्रे यांची पूजा करण्याच्या जुन्या प्रथेत मोटारगाडी कधी शिरली हे तिचे तिलाही कळले नसेल. पण दसऱ्याच्या सुमारास कव्हर निघते, बादलीभर पाणी येते, हँडलला झेंडूची माळ चढते, बॉनेटवर स्वस्तिक उमटते आणि जिला वर्षभर कोणी हात लावला नाही तिच्यापुढे नारळ फुटतो. इंजिन सुरू करून पाहण्याचा प्रयत्न होतो. ते सुरू झाले तर घरात दिवसभर तिचे कौतुक चालते, आणि न झाले तर पेट्रोल जुने झाल्याचे निदान होते.

परिवहन व्यवस्थेला या गाड्यांची आठवण दसऱ्याहून अधिक वेळा येते. वाहन प्रदूषण करीत नाही याचा दाखला, म्हणजे बोलीतील पी.यू.सी., घ्यायचा तर इंजिन सुरू करून धूर तपासावा लागतो. सहा वर्षे ज्या गाडीतून धुराचे एक वलयही निघाले नाही, तिला आपल्या निर्मळपणाचा पुरावा देण्यासाठी प्रथम धूर काढावा लागतो. पंधरा वर्षांवरील खासगी वाहनांना महाराष्ट्रात २०१० पासून पर्यावरण कर आहे आणि त्यात उभ्या गाडीने शुद्ध ठेवलेल्या हवेबद्दल सवलत नाही. अलीकडे १ एप्रिल २०१९ पूर्वी नोंदलेल्या सर्व वाहनांना उच्च सुरक्षा क्रमांकपट्टी, म्हणजे सहज काढता किंवा बदलता न येणारी, लेसरने क्रमांक कोरलेली ॲल्युमिनियमची पाटी, सक्तीची झाली. चोरीला आळा बसावा हा तिचा हेतू. ज्या स्कूटरची चोरी व्हावी अशी घरातील सूनबाईंची गुप्त इच्छा आहे, तिच्यासाठीही साडेचारशे रुपये अधिक वस्तू व सेवा कर भरून पाटी मागवली गेली, आणि मुदत पुन्हापुन्हा वाढत गेल्याने निदान या एका बाबतीत सरकार आणि उभ्या गाडीचा मालक यांचा स्वभाव जुळल्याचे दिसून आले.

सर्वांत अवघड प्रसंग नोंदणीच्या नूतनीकरणाचा. खासगी वाहनाची पहिली नोंदणी पंधरा वर्षे चालते आणि पुढे ती पाच-पाच वर्षांनी वाढवून घ्यावी लागते. त्यासाठी १ एप्रिल २०२२ पासून दुचाकीचे शुल्क तीनशेवरून एक हजार रुपयांवर आणि मोटारीचे सहाशेवरून पाच हजारांवर गेले. वाहन नष्ट झाले किंवा कायमचे निकामी झाले, तर चौदा दिवसांत कळवून नोंदणी रद्द करण्याचीही तरतूद आहे, परंतु तसे लिहून द्यायला कोणी धजावत नाही, कारण गाडीचे थोडेसेच काम राहिले आहे हे आपण पाहिलेच. भंगारवाल्याने देऊ केलेली रक्कम ऐकून तर ती आणखी पाच वर्षे ठेवण्याचा निर्धार पक्का होतो.

नूतनीकरणासाठी, म्हणजे ‘पासिंग’साठी, वाहन प्रत्यक्ष तपासणीला हजर करावे लागते. डोंबिवली एम.एच. ०५ या क्रमांकमालिकेखाली, म्हणजे कल्याणच्या परिवहन कार्यालयाच्या कक्षेत, येते. तेव्हा स्कूटर कल्याणला न्यायची आहे आणि नोंदणीची मुदत संपलेली असल्याने ती रस्त्यावरून चालवत न्यायची नाही. ब्रिटिशांनी तपासणीला जाण्यापुरता ठेवलेला अपवाद कल्याणच्या वाटेवर चौकात उभ्या असलेल्या हवालदाराला सांगून उपयोग नसतो. परिणामी एका छोट्या टेम्पोला पाचारण केले जाते. हा टेम्पो नियमित कर भरणारा, विमा उतरवलेला, परवानाधारक, आणि प्रसंगी ‘नॉन-यूज’ची सूचनाही दिलेला असा कायद्याच्या दृष्टीने आदर्श असतो, त्याच्या पाठीवर दोरीने बांधलेली स्कूटर आणि तिला धरून बसलेले काका असा प्रवास होतो. तेथे मेकॅनिक नवी बॅटरी जोडतो, कोणाच्या तरी बाटलीतले अर्धा लिटर पेट्रोल टाकीत जाते, इंजिन खोकते, सुरू होते, निरीक्षक चासी क्रमांक ताडून पाहतो आणि सही करतो. काका स्कूटर चालवतच घरी न्यावी असे क्षणभर योजतात, परंतु टेम्पोचे भाडे जाऊन-येऊन असेच ठरलेले असते, आणि शिवाय खाली कोणी आपल्या जागेत गाडी लावली तर नाही ना, हे पाहायला लवकर पोहोचणे भाग असते.